भाईंदरच्या ‘पेज’वाल्यांना अनावृत पत्र

प्रति,
भाईंदर आणि मीरा रोडच्या नावानं इन्स्टाग्रामवर पेज चालवणारे सर्व ॲडमिन,
पत्ता: माहीत नाही.

विषय: आमच्या मुलांच्या भावनांवर चाललेला आपला व्यवसाय.

स. न. वि. वि.

पत्राच्या मायन्यात नाव घालायची आपल्याकडे रीत आहे, पण तुमची नावं मला माहीत नाहीत. पेजवर गावाचं नाव असतं, गोल चौकटीत खाडीवरचा पूल नाहीतर स्टेशनची पाटी असते, खाली ‘कोलॅबसाठी डीएम करा’ असतं. माणूस मात्र कुठे दिसत नाही. महोदय लिहावं की महोदया, हेही कळत नाही. म्हणून सरळ ‘ॲडमिन’ म्हणते, राग मानू नये.

मी नवघर रोडवर शिकवणी घेते, आठवी ते दहावी. गणित-विज्ञानाला दुसरे सर आहेत, बाकीचं माझ्याकडे. वर्गात आगरी मुलं आहेत, कोकणातली आहेत, मारवाडी, गुजराती, उत्तर भारतीय आहेत. कुणाचे वडील स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला, कुणाचे अंधेरीत हिशेब लिहायला, कुणाची आई सकाळच्या लोकलनं दादरला जाते ती रात्रीच्या कुकरला येते. आईबाप घरात नसतात त्या वेळात मी थोडी असते आणि तुम्ही पुष्कळ असता. म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी चांगलं ते बोलून घेते. पावसाळ्यात कुठल्या रस्त्याला गुडघाभर पाणी आहे, कुठे झाड पडलंय, गाड्या बंद आहेत की उशिरानं आहेत, हे तुमच्याकडे सगळ्यांच्या आधी कळतं. हरवलेल्या आजोबांचा फोटो तुम्ही टाकता, रक्त हवं असलं की टाकता. त्याचे पैसे घेत नसाल असं धरून चालते. आणि फोन म्हणजे पाप म्हणणाऱ्यांतली मी नाही. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ साली साडेतीन लाखांवर किशोरवयीन मुलांच्या नोंदी चाळल्या. मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला फार तर ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेव्हा ‘दिवसाचे किती तास’ हे भांडण मी घालत नाही. ते घरोघर रोज चालूच आहे.

पालक सभेत हटकून कुणीतरी मोहित्यांचे वडगावचं उदाहरण देतं. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं हे गाव. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला: टीव्ही-मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला, साडेआठला दुसरा भोंगा. गावानं ठरवलं आणि केलं, कौतुकच आहे. पण भाईंदर पूर्वेला सातचा भोंगा ऐकणार कोण? त्या वेळी निम्मे आईबाप बोरिवलीच्याही आधी कुठेतरी गाडीत एका पायावर उभे असतात.

माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो थेट तुमच्याशी येऊन भिडतो.

माझ्या वर्गातल्या मुलांचे इन्स्टाचे बायो मी वाचलेत. त्यांनीच मला फॉलो करायला लावलं. इथेच जन्मलेला आणि गणपतीचे दिवस तेवढे कणकवलीला काढणारा मुलगा ठिकाण लिहितो ‘कणकवली’. मारवाडी मुलगा, ज्याचं मराठी माझ्या सख्ख्या पुतण्याहून साफ आहे, तो लिहितो ‘पाली, राजस्थान’. जौनपूरवाला जौनपूर लिहितो. आगरी पोरं खारी, गोडदेव, नवघर असं आपापलं गाव लिहितात, तीच काय ती खरी इथली. उरलेली सरसकट ‘मुंबई’ लिहितात. आपण ठाणे जिल्ह्यात राहतो हे भूगोलाच्या तासालाही त्यांना पटत नाही. ‘भाईंदर’ कुणीच लिहीत नाही. विरार गाडीत चढताना ‘उतरणार कुठे?’ म्हणून दरडावतात, तेवढ्यापुरते आपण भाईंदरकर.

असं का, ते उघड आहे. १९८५ ला नगरपरिषद, २००२ ला महापालिका. २००१ च्या जनगणनेत पाच लाख वीस हजारांच्या आसपास माणसं, २०११ ला आठ लाखांच्या वर. जो तो कुठून तरी आलेला, भाडं परवडलं म्हणून राहिलेला. या शहरातल्या पोराला ‘आम्ही भाईंदरचे’ असं वाटायला लावणारी जागा आज एकच उरली आहे, ती म्हणजे तुमचं पेज. त्यावर हे पोर आपलं गाव बघतं, आपल्यासारखी पोरं बघतं, आपण कोण ते ठरवतं. आणि तुम्ही त्याला दाखवता काय? थप्पड, तुंबलेलं गटार, अपघात, कुणाची तरी खिल्ली, मग एखाद्या कॅफेची जाहिरात, पुन्हा थप्पड.

हे वयही तुम्ही लक्षात घ्या. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६७ साली लिहून ठेवलंय की या वयाच्या मुलाला सतत वाटत असतं, सगळे आपल्याकडेच बघताहेत. या बघ्यांना त्यानं ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हटलं. पूर्वी पोर मोठं होता होता आपोआप उमजायचं की कुणीही बघत नाहीये, जो तो आपल्याच मुरुमात गुंग आहे. आता ते उमजायला वाव नाही, कारण प्रेक्षक खरे आहेत, त्यांचा आकडा खाली दिसतो आणि ते तुम्ही जमवून दिले आहेत.

पहिली तक्रार कन्फेशनची. या तक्रारीला मी जास्त जागा घेणार आहे.

तुमची पद्धत अशी. बायोत गूगल फॉर्मची लिंक. कुणीही, नाव न देता, कुणाहीबद्दल काहीही लिहावं. तुम्ही ते गुलाबी चौकटीत घालून टाकता आणि खाली लिहिता, ‘टॅग करा त्या व्यक्तीला’. मुलीचं नाव छापत नाही म्हणून तुम्ही निर्धास्त. पण मजकुरात काय असतं? शाळेचं आद्याक्षर, इयत्ता, तुकडी, शेअर रिक्षाची रांग, बॅगेचा रंग, क्लिप कुठल्या बाजूला लावते ते. आपल्या वस्तीत एवढं पुष्कळ झालं. पाच मिनिटांत कमेंटमध्ये तिचा आयडी येतो.

माझ्याकडच्या एका मुलीचं असंच झालं. तिच्या आईला विचारून लिहिते आहे, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. मजकूर म्हणाल तर प्रेमाचा होता, त्यात शिवी नव्हती. तिच्या हसण्याचं कौतुक होतं. कमेंटमध्ये कुणीतरी तिच्या पुढच्या दातांवर विनोद केला आणि मूळ पोस्टपेक्षा त्या विनोदालाच जास्त लाइक पडले. दुसऱ्या दिवसापासून पोरगी तोंडासमोर हात धरून बोलायला लागली. मग मास्क लावून यायला लागली. करोना कधीचा सरला आणि ही मास्क लावून निबंध वाचून दाखवते. मागच्या बाकाला ऐकू जात नाही, ‘मोठ्यानं वाच’ म्हटलं की डोळ्यांत पाणी. कुठल्या कमेंटला किती लाइक, हे तिला क्रमानं पाठ होतं. सनावळ्या पाठ होत नव्हत्या.

यात दात हा मुद्दा फार मोठा नव्हता. तो कदाचित ती पचवती. तिला पोखरलं ते वेगळ्याच गोष्टीनं: लिहिणारा कोण ते कळत नव्हतं, म्हणजे तो कुणीही असू शकत होता. शेजारची मैत्रीण, मागचा मुलगा, सोसायटीतली ताई, सगळ्यांवर संशय. पूर्वी शाळेच्या भिंतीवर, बाथरूमच्या दारावर नावं लिहायची पोरं. पण अक्षर ओळखू यायचं, शिपाई पुसून टाकायचा, आणि भिंत घरी यायची नाही. तुमच्याकडे अक्षर नाही, शिपाई नाही, आणि भिंत रात्री उशाशी असते.

तिच्या भावानं त्या पेजला पोस्ट काढा म्हणून डीएम केला. मेसेज ‘सीन’ झाला, उत्तर आलं नाही. चारसहा दिवसांनी पोस्ट गेली, पण जाताना स्टोरी लावून गेली: ‘ज्यांना मजाक झेपत नाही त्यांनी अनफॉलो करा.’ ते कोणाचं पेज हे मी लिहीत नाही. ज्याचं आहे त्याला ठाऊक आहे.

त्या मुलीच्या वयाच्या मुलींवर याचा काय परिणाम होतो हे इन्स्टाग्रामच्या मालकांना आधीपासून माहीत होतं. २०२१ साली फ्रान्सिस हॉगेन यांनी कंपनीतले कागद बाहेर आणले. त्यांत कंपनीच्याच पाहणीचा आकडा होता: स्वतःच्या शरीराविषयी वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के म्हणत होत्या की इन्स्टाग्रामनं ते आणखी वाईट करून ठेवलं. पण मेटाचं ऑफिस कॅलिफोर्नियात आहे, तिथे माझं पत्र कोण वाचतो? तुम्ही इथेच कुठेतरी, गोल्डन नेस्टला नाहीतर बी. पी. रोडला चहा पीत असाल. म्हणून तुम्हाला लिहिते.

दुसरी तक्रार मारामारीच्या रीलची. शाळा सुटल्यावर गणवेशातली दोन पोरं भिडतात, चार जण सोडवायचं सोडून फोन वर धरतात आणि ते चित्रण तुमच्याकडे येतं. तुम्ही त्याला ढोल लावून टाकता. कायद्याचं आधी सांगते, कारण तेवढंच तुम्ही मनावर घ्याल. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७४: कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या, पीडित किंवा साक्षीदार असलेल्या बालकाची चौकशी वा तपासाच्या संदर्भात ओळख पटेल असं नाव, शाळा, पत्ता, फोटो प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शाळेचा बिल्ला ठळक दिसणारी रील टाकताना आणि मागाहून पोलीस आले म्हणून ‘अपडेट’ टाकताना हे आठवू द्या.

मार खाल्लेल्या पोराची वर्षभर टिंगल होते, ते सगळ्यांना दिसतं. माझं मत विचाराल तर जिंकलेल्याचं नुकसान जास्त होतं. एका रीलपुरता तो ‘भाई’ होतो, फॉलोअर वाढतात, आणि मग दर शनिवारी त्याला भाई राहावं लागतं. असा एक माझ्याकडे होता. चित्रं फार छान काढायचा. आता काढत नाही. भाई लोक चित्रं काढत नाहीत असं त्याला कुणीतरी कमेंटमध्ये सांगितलं.

तिसरी तक्रार लिहिताना मला थोडं जपून लिहावं लागेल.

२०२५ च्या जूनअखेरीस मीरा रोडला एका दुकानदाराला मराठीवरून मारहाण झाली. तिचं चित्रण देशभर फिरलं. ३ जुलैला व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून मोर्चा काढला. ८ जुलैला मराठीसाठी मोर्चा निघाला. पोलिसांनी परवानगी नाकारली, पहाटे नेत्यांना उचललं, तरी निघाला. मराठी माझं पोट आहे आणि जीवही आहे, त्यामुळे त्या प्रश्नावर माझी बाजू काय ते सांगायला नको. इथे तक्रार भाषेच्या प्रश्नाची नाही. त्या आठवड्यात तुम्ही मुलांचं काय केलंत त्याची आहे.

त्या आठवड्यात माझ्या वर्गातली बाकं बदलली. शाळेत तिसरीपासून एकत्र बसणारे दोघे, वर सांगितलेला कणकवलीवाला आणि तो पालीवाला, लांब लांब बसायला लागले. कणकवलीवाल्यानं तुमच्यापैकी एकाची रील स्टोरीला लावली होती, वर तुमचीच ओळ आणि ज्वाळांची चार इमोजी. पालीवाल्यानं त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या पेजची रील लावली. दोघांनी स्वतःचं एक अक्षर लिहिलं नव्हतं. दोन पेजं भांडत होती आणि ही पोरं फक्त निरोप पोचवत होती. शेवटी मी दोघांना समोर बसवून विचारलं, ‘तुझं याच्याशी भांडण काय?’ कणकवलीवाला म्हणाला, ‘मॅडम, याच्याशी काही नाही. पण मी नसती टाकली तर ग्रुपवर विचारलं असतं, तू मराठी नाहीस का?’ पालीवाला खाली मान घालून म्हणाला, ‘माझंपण सेम.’

सहामाहीच्या मराठीच्या पेपरात पालीवाल्याला ऐंशीपैकी बासष्ट होते, कणकवलीवाल्याला अठ्ठेचाळीस. पण मराठीपण ठरायचं ते चोवीस तासांत नाहीशा होणाऱ्या स्टोरीवर. २०२४ च्या जानेवारीत, अयोध्येतल्या सोहळ्याच्या आदल्या रात्री मीरा रोडच्या नया नगरला जो हिंसाचार झाला, त्यानंतरही हाच प्रकार होता: मुलं घरात, फोन हातात, आणि ‘तू कुठल्या बाजूचा’ हा एकच प्रश्न रात्रभर.

राग पळतो हे तुम्ही आकडे बघून शिकला असाल. संशोधकांनाही तेच दिसलं. विल्यम ब्रेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली पाच लाखांवर ट्वीट तपासले. न्याय-अन्यायाची भावना चेतवणारा एकेक शब्द वाढला की ट्वीटचा पसारा साधारण वीस टक्क्यांनी वाढत होता. त्यांचाच २०२१ चा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. संतापून लिहिलेल्याला दाद मिळाली की तोच माणूस पुढच्या खेपेला आणखी संतापून लिहितो. म्हणजे संतापाचं वळण लागतं. फेसबुकनं २०१७ पासून रागाच्या चेहऱ्यासकट सगळ्या इमोजींना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं. रागाच्या चेहऱ्याचं वजन शून्यावर आणायला २०२० उजाडलं. मिशा पिकलेल्या माणसांना असं वळण लागतं. ज्याला मिसरूड फुटायचंय त्याचं काय होत असेल?

आणि हे फक्त रागाचं नाही. रात्री एकच्या सुमाराला माझ्या विद्यार्थ्यांच्या स्टोऱ्या काळ्या पडद्याच्या असतात. मधोमध बारीक अक्षरात एक ओळ: थकलोय, किंवा कुणाला काही फरक पडत नाही. सकाळी विचारलं तर हसतात, ‘काही नाही मॅडम, असंच.’ काहींचं खरंच असंच असतं, गाण्यातली ओळ असते. काहींचं नसतं. कुठलं कुठलं हे मला तीस वर्षांच्या शिकवणीनंतरही नक्की ओळखता येत नाही. तुम्ही मात्र त्याही ओळी गोळा करून ‘रिलेट होतंय का?’ म्हणून टाकता. उदास मुलाला उदासच रील पुढे येत राहतात, हे यंत्राचं काम. तुम्ही ते हातानं करता. फेसबुकच्या संशोधकांचा एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला होता. त्यांनी २०१२ च्या जानेवारीत आठवडाभर ६,८९,००३ जणांच्या फीडमधला बऱ्या किंवा वाईट भावनांचा मजकूर, त्यांना न सांगता, कमी करून बघितला. वाचणाऱ्यांचं स्वतःचं लिहिणंही त्या अंगानं किंचित बदललं. परिणाम छोटा होता, गदारोळ मोठा झाला. कंपनीवर त्या वेळी टीका झाली ती न विचारता लोकांच्या मनाशी खेळल्याबद्दल. तुम्हाला कुणी जाब विचारलेला नाही, कारण विचारायचा कुणाला?

चौथी तक्रार थोडक्यात. ८ जुलै २०२४ ला आपल्या स्टेशनात बापलेकांचा मृत्यू झाला. स्टेशनातल्या कॅमेऱ्याचं चित्रण देशभर फिरलं, त्यात गावातली पेजं मागे नव्हती. माझ्या वर्गातली मुलं, ज्यांच्या आयांना रोज तिथूनच गाडी पकडायची असते, ते पुन्हा पुन्हा बघत होती. जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगते आहे की आत्महत्येचं चित्रण दाखवू नये, कसं घडलं ते वर्णू नये, मदतीचा क्रमांक सोबत द्यावा. आपल्या प्रेस कौन्सिलनंही २०१९ साली ते वर्तमानपत्रांना सांगितलं. तुम्ही वर्तमानपत्र नाही, हे मान्य. मग बातमी कशी काय देता?

आता मागण्या. तुम्हाला पेजं बंद करा असं मी म्हणणार नाही; तसं कुणी करत नाही आणि गावाला तुमचा उपयोगही आहे.

शाळकरी मुलांची कन्फेशन बंद करा. त्यात मधला मार्ग मला दिसत नाही. नाव काढून, शाळा काढून, कमेंट बंद करून बघू, असं तुमच्यापैकी एकानं नाव न सांगता मला सुचवलं होतं. मग त्यात उरतं काय, म्हटल्यावर तोही हसला.

अठरा वर्षांखालच्या मुलाचा चेहरा, बिल्ला, गणवेश झाका, तो मारत असो की मार खात असो. मृत्यूची चित्रणं टाकू नका, दुसऱ्यानं टाकली म्हणूनही टाकू नका. गावात तणाव असेल त्या दिवशी कमेंट बंद ठेवा. एक दिवस व्ह्यूज कमी मिळाले तर तुमची चूल विझत नाही. माझ्याकडे तुमचं रेटकार्ड येऊन गेलंय, क्लासची जाहिरात करा म्हणून: रीलचा दर वेगळा, स्टोरीचा वेगळा, दोन्ही घेतले तर सवलत. त्यामुळे धंदा बरा चालतो हे मी जाणून आहे.

बायोत सगळ्यात वर १४४१६ हा क्रमांक लावा. टेलिमानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. माझ्या वर्गात विचारलं तेव्हा हा क्रमांक एकालाही माहीत नव्हता आणि तुमच्या पेजांची नावं सगळ्यांना माहीत होती. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, पण घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून रडणाऱ्या पोराला तिथवर नेणं सोपं नाही. पहिला फोन तरी घरातून होऊ दे.

आणि जबाबदार माणसाचं नाव. आपल्याकडे चार पानी साप्ताहिक काढायचं म्हटलं तरी मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापावं लागतं. १८६७ पासूनचा तो नियम आहे. तुमचे वाचक त्या साप्ताहिकाच्या शंभर पट. चेहरा दाखवायचा नसेल तर नका दाखवू. पण पोस्ट काढा म्हणून एखादी आई विनवणी करायला आली तर उत्तर देईल असा एक खरा फोन नंबर, एक खरं नाव कुठेतरी असू द्या. निनावी राहायची सोय तुम्हाला आहे. त्या दातवाल्या मुलीला नव्हती.

परदेशात काय चाललंय तेही तुम्ही वाचत असाल. ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्या मुलांची समाजमाध्यमांवरची खाती बंद करायला लावली. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्यानं. तो टप्पा नवघर रोडला पोचेपर्यंत माझ्या आजच्या आठवीची दहावी झालेली असेल.

एक मागणी लोभाची. तुमच्याकडे कॅमेरा आहे, पोरं तुमचं ऐकतात. चौकचा धारावी किल्ला दाखवा. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेनं तो पोर्तुगिजांकडून घेतला, वसई पडायच्या आधी. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना धारावी म्हटलं की दुसरीच आठवते. खाडीतलं पाणजू बेट दाखवा. मिठागरं उरलीत तोवर दाखवा. स्टीलच्या कारखान्यात पॉलिशवर उभा असलेला माणूस दिवसाकाठी किती डबे चकाकवतो ते दाखवा, त्याच्या मुलाला ते बघू दे. त्याला व्ह्यूज कमी येतील. येऊ देत.

हे पत्र वाचून ‘मॅडम, आधी स्वतःचं नाव लिहा’ असं तुम्ही म्हणाल, आणि ते रास्त आहे. माझं नाव, पत्ता, फोन संपादकांकडे दिला आहे. तुमच्यापैकी कुणी स्वतःचं नाव सांगून मागितला तर तो द्यायला मी त्यांना सांगितलं आहे. छापलेला नाही, कारण माझं नाव कळलं की क्लास कळेल, क्लास कळला की ती मुलगी आणि ती दोन पोरं कळतील. तुमच्या कमेंटमध्ये त्याला पाच मिनिटंही लागणार नाहीत.

पालकांना आणि शाळांना लिहायचं पत्र वेगळं आहे. त्यांचीही बाकी मोठी आहे, ती पुन्हा केव्हातरी.

फेब्रुवारीत बोर्डाच्या परीक्षा सुरू होतात. माझी दहावीची मुलं आत्ता प्रिलिमच्या तयारीत आहेत. बाकीच्या मागण्यांना वेळ लागेल, मी थांबेन. कन्फेशनचा फॉर्म मात्र या आठवड्यात बंद करा. लिंक काढायला एक मिनिट लागतं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
नवघर रोडवरची एक शिकवणीवाली,
भाईंदर (पूर्व)